मोनाकाच्या पाठीवरचा सूर

ओगुराबाईंनी भाजीच्या पिशवीतून कासव काढून दारातल्या चपलांशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "हिराओका-सान, ज्या घरातून कासव पळून जातं त्या घरातली माणसं केवढी चपळ असतील हो." म्हटलं ते हसत हसत. ओसाकाकडची बाई चिमटा काढल्याशिवाय उपकार करत नाही, हे तेत्सुजी हिराओकाला बहात्तर वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं. तोही हसला. कमरेत वाकून त्याने आभार मानले, दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे स्टेशनजवळच्या दुकानातून गोडाचा डबा आणून वसाहतीच्या या अध्यक्षीणबाईंच्या हातात दिला, आणि प्रकरण मिटलं. मिटलं ते बाकीच्यांपुरतं. त्याच्या मनात मात्र ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. दात घासताना, तळमजल्यावरच्या बाल्कनीत बसून मोनाकासाठी, म्हणजे त्या कासवासाठी, मुळ्याची पानं तोडताना ते टोचायचं. त्यातही मूळ वाक्यापेक्षा बाई जाता जाता जे बोलल्या ते अधिक. मी किती वेळा बेल वाजवली, शेवटी दार ठोठावलं, असं त्या म्हणाल्या होत्या. तेत्सुजीने त्याच दुपारी स्टुलावर चढून बेल उघडली. तार ठीक होती. बॅटरी मीटरला लावून पाहिली, तीही ठीक होती. तरी त्याने ती बदलली आणि फुमिएला सांगितलं की बेल बिघडली होती, आता दुरुस्त झाली. फुमिएने मान हलवली, त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि चहा घेणार का, असं विचारलं.

दुरुस्ती हा तर त्याचा धंदाच होता. ओसाकाच्या नांबा भागातल्या मोठमोठ्या दुकानांत छताला लावलेले स्पीकर नीट चालते ठेवण्याचं काम त्याने सबंध उमेदीची वर्षं केलं. शेकडो स्पीकरांतला कोणता उद्या-परवा मान टाकणार हे तो खाली गर्दीत उभा राहून, नुसत्या कानाने सांगायचा. बरोबरचे लोक यंत्रं लावून मोजत बसायचे आणि शेवटी त्याच स्पीकरपाशी शिडी आणायचे. त्याला ते डॉक्टर म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी फुमिएबरोबर खरेदीला गेला की तो अजून मान वर करून छताकडे बघायचा. हल्ली मात्र सगळ्या दुकानांतला आवाज त्याला चोंदल्यासारखा वाटायचा. नवीन लोक हलका माल वापरतात, असं त्याचं मत होतं. टीव्हीवरचे निवेदक तोंडात गुळणी धरून बोलतात, असंही त्याचं मत होतं. शरद ऋतू आला की वसाहतीमागच्या गवतात किड्यांची किणकिण सुरू व्हायची, तीही अलीकडे बंद झाली होती. नगरपालिका औषध फवारते आणि बिचारे किडे मरतात, हे त्याने ओगुराबाईंना एकदा सुनावलंसुद्धा होतं. बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या.

आणि मोनाका हे साएकोचं कासव. मुलगी प्राथमिक शाळेत असताना वाढदिवसाला हट्ट करून आणवलेलं. दोन कुरकुरीत पापुद्र्यांत गोड पुरण भरलेली मोनाका नावाची मिठाई त्या दिवशी घरात होती, म्हणून त्याचं नाव मोनाका. पुढे साएको लग्न करून नागोयाला गेली. तिथल्या इमारतीत जनावरं चालत नव्हती. निघताना ती बाल्कनीत उकिडवी बसली, कासवाच्या पाठीवर बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हिला तुमच्या जिवावर ठेवून चाललेय." तेव्हा तो म्हणाला होता, तू निश्चिंत जा. मुलीने आयुष्यात त्याच्याकडे मागून घेतलेली ही शेवटची गोष्ट. त्यानंतर तिने काही मागितलं नाही. म्हणून मोनाका भाजीच्या पिशवीतून परत आली याचं त्याला जेवढं लागलं, तेवढं ओगुराबाईंना समजण्याचं कारण नव्हतं.

रविवारी साएकोचा फोन आला तेव्हा फुमिएने सगळं सांगून टाकलं. फोन मग त्याच्या हातात आला. साएको हसत होती. बाजारात बटणाएवढी चकती मिळते, ती चिकटवा, हरवलं की मोबाइलवर दिसतं, असं ती म्हणाली. दोनदा म्हणाली, कारण पहिल्यांदा लाइनमध्ये खरखर होती. तेत्सुजीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की तसली चकती आजूबाजूच्या लोकांच्या मोबाइलच्या जिवावर चालते, आणि आपली मोनाका माती उकरून आत जाते. मातीत कोणाचे मोबाइल असतात? हे सांगताना त्याला स्वतःलाच बरं वाटलं. फोन ठेवल्यावरही तो तिथेच बसून राहिला. त्याच्या बोटांना काहीतरी आठवू लागलं होतं.

सतरा वर्षांचा असताना तो कोल्हे शोधायला जायचा. कोल्हा म्हणजे माणूसच. बिनतारी संदेशाची हौस असलेली मंडळी सुट्टीच्या दिवशी डोंगरात जमत, त्यांतला एक जण छोटं प्रक्षेपक यंत्र घेऊन झाडीत दडून बसे आणि बाकीचे आपापल्या घरी बनवलेल्या एरियलने त्याचा माग काढत. ओसाकाजवळच्या कोंगो डोंगराच्या उतारावरची ती सकाळ त्याला अजून पायांत जाणवायची. विद्यापीठातली मोठी मुलं चकचकीत विकतची यंत्रं घेऊन आली होती आणि तेत्सुजीकडे बापाच्या जुन्या रेडिओतून काढलेला माल होता. कोल्ह्याच्या जवळ गेलं की आवाज चहूकडून सारखाच येऊ लागतो आणि एरियल बावचळतं. मुलं तिथेच गोल गोल फिरत राहिली. तेत्सुजीने एरियल काढून टाकलं, रेडिओ छातीशी धरला आणि तो जागच्या जागी सावकाश वळू लागला. माणसाचं अंग लहरी अडवतं. वळता वळता एका ठिकाणी आवाज मरतो, आणि जिथे आवाज मरतो तिथे कोल्हा नेमका आपल्या पाठीमागे असतो. आवाजाच्या मागे न लागता आवाज जिथे नाही ती जागा धरायची. तो मागे वळला, बांबूच्या बेटात हात घातला आणि भाताचा गोळा खात बसलेल्या एका टकलू गृहस्थाचा खांदा त्याच्या हाती लागला. त्या गृहस्थाने तोंडातला घास गिळून, कोणाचा रे तू, असं विचारलं होतं. तेत्सुजीने आपलं नाव सांगितलं नाही, परवान्यावरची अक्षरं सांगितली. ज्याला परवाना असतो त्याला सरकार अक्षरांचं एक नाव देतं, आणि हवेत काहीही पाठवायचं तर आधी ते नाव पाठवावं लागतं. जगात ते नाव दुसऱ्या कोणाचं नसतं. लग्नानंतर यंत्रं माळ्यावर गेली, मग भंगारात गेली, पण परवान्याची मुदत संपली की तो न चुकता नवा करून आणायचा. फुमिए म्हणायची, गाडी विकून झाली तरी लायसन्स खिशात घेऊन फिरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. ते नाव सोडायचं त्याच्या मनात कधी आलं नाही.

तर तसलंच यंत्र करायचं ठरवून त्याने ओसाकातल्या निप्पोनबाशीच्या बाजाराची वाट धरली. तरुणपणी ज्या गल्ल्यांत सुट्या भागांच्या दुकानांनी रांग धरली होती तिथे आता बाहुल्या आणि मुखवटे मांडलेले होते. लहान लहान खणांचं एक दुकान मात्र अजून उरलं होतं. तिथे तो बराच वेळ रमला. लहरी नेमक्या ठेवणारा स्फटिक घेतला, नखाएवढे भाग घेतले, चपटी बॅटरी घेतली, आणि काउंटरवरच्या माणसाने हे सगळं तयार मिळतं हो आजोबा, असं सांगितलं तेव्हा ते न ऐकल्यासारखं केलं. हे मात्र त्याने खरोखरच ऐकलं होतं. घरी येताना शंभर येनच्या दुकानातून पोलादी पट्टीची मोजपट्टी आणली. फुमिएच्या डोळ्यांदेखत नवीकोरी पट्टी कात्रीने कापून तुकडे केले आणि प्लॅस्टिकच्या नळीवर आडवे बसवले. झाडीतून जाताना तुकडे वाकतात आणि बाहेर आले की ताठ उभे राहतात, यासारखं दुसरं एरियल नाही. फुमिएने ते एकदा हातात धरून पाहिलं आणि माशाचा काटा केवढा मोठा आहे, एवढंच म्हणाली.

सबंध उन्हाळा त्या कामात गेला. भिंग डोळ्याला लावून तो जेवणाच्या टेबलावर बसायचा. पहिल्या दिवसांत दोन भाग जळाले, एक चटईच्या विणीत गेला तो गेलाच. मग हळूहळू बोटं शहाणी झाली. राळेचा तो गोडसर धूर नाकात गेला की बहात्तरपैकी पन्नासेक वर्षं गळून पडल्यासारखी वाटायची. कथिलाचा थेंब तापल्या तारेवर पसरून आरशासारखा चमकला की तो भिंग काढून उगाचच इकडेतिकडे बघायचा, पण बघायला घरात फुमिएशिवाय कोणी नसायचं. सुराचा मात्र त्याने नीट विचार केला. यंत्राने सूर कोणता काढावा? जाड, खालचा सूर शहराच्या घरघरीत बुडून जातो. कोंगोच्या डोंगरात वारा सुटला होता तेव्हा बारीक, उंच सूरच कानात सुईसारखा शिरला होता. त्याने तोच धरला. त्यासाठी कोणते भाग किती मापाचे लागतात हे त्याला न बघता आठवलं, आणि आठवलं याचाच त्याला केवढा अभिमान वाटला. मग कायद्याप्रमाणे त्या सुरात त्याने आपलं नाव भरलं, आखूड आणि लांब ठोक्यांच्या जुन्या लिपीत, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा येणारं. म्हणजे मोनाका जिथे जाईल तिथून त्याचं नाव सांगणार. तयार झालेलं यंत्र नाण्यांच्या चळतीपेक्षा जड नव्हतं. त्याने ते डबीत बंद केलं, कासवाच्या पाठीवर मागच्या बाजूला, कवचाच्या वाढीच्या रेघा सोडून, चिकटवलं आणि केसाएवढी तार मागे लोंबती ठेवली. मोनाकाने मान बाहेर काढली, त्याच्याकडे पाहिलं आणि मुळ्याच्या पानाकडे चालू लागली.

टेबलावरच्या मोठ्या रेडिओवर सुई टणकन उडाली. ती थांबत थांबत, आखूड आणि लांब, त्याच्या नावाच्या तालावर उडत होती. तो त्या सुईकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने राळेच्या धुरावर ढकललं. स्वयंपाकघरातून फुमिएने, काय चिवचिवतंय हो, असं विचारलं आणि तो म्हणाला, तेच ते. त्याला तसं ऐकू काही आलं नव्हतं. रेडिओचा स्पीकर जुना, पडदा वाळलेला, असं त्याला वाटलं, म्हणून त्याने आवाज वाढवला. पुढे कित्येक दिवस तो यंत्राची चाचणी घ्यायचा तेव्हा आवाज वाढवूनच ठेवायचा. वसाहतीच्या फळ्यावर सूचना लागली की कोणीतरी घरात मोठा पक्षी पाळला आहे, नियमाप्रमाणे त्याला परवानगी नाही, कृपया सर्वांनी सहकार्य करावं. नाव अर्थात कोणाचंच घातलेलं नव्हतं. तेत्सुजीने ती सूचना वाचली, घरी येऊन, कोणी बाबा पोपट पाळलाय बघ, असं हसत हसत फुमिएला सांगितलं. फुमिए तांदूळ धूत होती. तिने तेच तांदूळ पुन्हा एकदा धुतले.

एकदा साएको फोनवर म्हणाली होती, "बाबा, कान एकदा दाखवून या ना. हल्ली सगळ्यांचे दाखवतात." तेव्हा त्याने फोन फुमिएकडे दिला होता आणि बाल्कनीत जाऊन बसला होता. राग आला होता असं नाही. आतून काहीतरी घसरल्यासारखं झालं होतं, जिना उतरताना शेवटची पायरी नसते तसं. डॉक्टर म्हणायचे त्याला. आता तो दुसऱ्या डॉक्टरसमोर कानांत बोळे घालून बसणार आणि ऐकू आलं की बटण दाबणार? त्याने मनातल्या मनात बटण दाबून पाहिलं. कधी दाबावं ते कळेना. मग तो उठला आणि बाल्कनीच्या कठड्याच्या फटीला लावलेली फळी उगाचच पुन्हा घट्ट केली.

नोव्हेंबरच्या शेवटी ती फळीच हलली. ऊन चांगलं पडलं म्हणून फुमिएने गाद्या कठड्यावर वाळत टाकल्या, त्यासाठी फळी जरा सरकवली, दुपारी त्या आत घेतल्या आणि मग ती स्टेशनकडे बाजाराला गेली. गाद्या आत घेताना फळी जागेवर लावायची राहिली. दरवर्षी याच सुमाराला मोनाकाला वाळक्या पानांच्या खोक्यात घालून ओट्याखाली ठेवत, तिथे ती वसंतापर्यंत झोपायची. खोकं आदल्याच दिवशी भरून ठेवलं होतं. तेत्सुजी मुळ्याचं पान घेऊन बाल्कनीत आला आणि पान हातातच राहिलं. बाहेर ती मातीत गेली असणार, हे त्याला लगेच समजलं. गारठा पडला की ती कुठेही उकरते आणि आत जाते. संध्याकाळपासून पाऊस आणि त्यामागून थंडी येणार, असं सकाळीच सांगितलं होतं. ओल्या मातीत थंडीने तिची छाती भरली की संपलं. बाजारातून आलेल्या फुमिएच्या लक्षात काय झालं ते आलं आणि ती म्हणाली, "माझ्या हातून झालं." तेत्सुजीला त्या क्षणी तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. आता दाखवतो, असं त्याच्या मनात आलं. माशाचा काटा आणि हातात मावणारा लहान रेडिओ घेऊन तो असा बाहेर पडला की चाळिशीतला माणूस वाटावा.

इमारतींच्या मागे लांबलचक कुंपण होतं, साझांकाच्या झुडपांचं. ती फुललेली होती आणि गुलाबी पाकळ्या खाली पडून मातीला चिकटल्या होत्या. बाल्कन्यांतून लोक बघत होते. कोणीतरी विचारलं असावं, कारण तेत्सुजीने मान वर न करता, कासव, असं उत्तर दिलं. एरियल कुंपणाकडे धरलं तेव्हा सुई किंचित हलली. तो त्या बाजूला चालत गेला. आणखी जवळ गेला तेव्हा सुई इकडेही हलली, तिकडेही हलली, सायकलींच्या शेडचा पत्रा लहरी परतवत होता आणि इमारतीची भिंतही. म्हणजे कोल्हा जवळ आहे. तेत्सुजी हसला. त्याने एरियल झुडपावर टेकवून ठेवलं, त्याऐवजी तारेचा बोटभर तुकडा लावला आणि रेडिओ छातीशी धरला. आता सुई मेल्यासारखी पडली, ती पडणारच, सुई जिथे हलत नाही तिथून पुढे कानाचं काम. त्याने डोळे मिटले आणि सावकाश वळायला सुरुवात केली. आवाज जिथे मरेल तिथे थांबायचं. आवाज नव्हता. तो आणखी वळला. आवाज नव्हता. पाऊणएक फेरी झाली, पुरी झाली. रेडिओची खरखर होती, पावसाआधीचा वारा होता, दूर महामार्गाची घरघर होती. ज्या जागेची तो वाट बघत होता ती शांत जागा चहूकडे होती. मग तो भरभर वळू लागला, एकदा पाय पाकळ्यांवरून घसरला. त्याला वाटलं, बॅटरी गेली. थंडीने गेली. किंवा तो कथिलाचा तिसरा टाका, ज्याच्याबद्दल तेव्हाच मन साशंक होतं. आयुष्यात टाका कधी कच्चा गेला नाही आणि आत्ता जावा, मुलीच्या कासवाच्या पाठीवर. ती मातीखाली कुठेतरी पावलाएवढ्या अंतरावर असणार आणि आपण तिच्यावर उभे राहून गोल फिरतोय. पावसाचा पहिला थेंब मनगटावर पडला. त्याला आपण एकदम म्हातारे झालो असं वाटलं, आणि ते वाटणं नवीन नव्हतं, फार दिवस दाराबाहेर थांबून होतं.

फुमिए छत्री आणि त्याचा मफलर घेऊन आली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बंद पडलं."

"कुठे बंद पडलं?" ती म्हणाली. तो ओठांकडे बघत नव्हता हे लक्षात येऊन ती समोर आली आणि पुन्हा म्हणाली, "वाजतंय की."

"काय वाजतंय?"

"हे. तुमच्या छातीशी."

तेत्सुजीने खाली रेडिओकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "कसं वाजतंय ते सांग," तो म्हणाला.

फुमिएने जरा कान देऊन ऐकलं. तिला त्या लिपीतलं एक अक्षर येत नव्हतं, पन्नास वर्षांत तिने कधी विचारलंही नव्हतं. शाळेतल्या मुलीने धडा म्हणावा तसं ती मन लावून म्हणू लागली. "ची, चीऽ चीऽ चीऽ. मग थांबतं. ची, चीऽ. मग ची ची ची, चीऽ चीऽ. मग आणखी पुढे आहे. लहानसं आहे, पण स्पष्ट आहे हो." आणि पुढची अक्षरंही तिने म्हटली, एकही ठोका न चुकता. तेत्सुजी हिराओका पावसात उभा राहून बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकत होता, ते नाव जे जगात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. आधी आला तो अभिमान. बॅटरी गेली नव्हती. टाका पक्का होता. ओल्या मातीखालून, नाण्याएवढ्या बॅटरीवर, यंत्र त्याचं नाव बिनचूक सांगत होतं आणि सूर एवढा बारीक होता की महामार्गाच्या घरघरीतून फुमिएपर्यंत नीट पोचत होता. अभिमानाच्या मागून दुसरी गोष्ट आली. ती आली तेव्हा दुखलं, पण त्याला वाटलं होतं तेवढं नाही. गवतातले किडे, बेल, नांबाच्या दुकानांतले चोंदलेले स्पीकर, सगळे आपापल्या जागी शाबूत होते. फळ्यावरचा तो पोपट तो स्वतःच होता.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"साएकोच्या लग्नापासून. भाषणं चालली होती आणि तुम्ही भलत्याच जागी टाळ्या वाजवल्यात."

"बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे?" फुमिए म्हणाली आणि मफलर त्याच्या गळ्यात घातला.

त्याने रेडिओ तिच्या हातात दिला. छातीशी कसा धरायचा ते दाखवलं. मग तिच्या समोर उभं राहून त्याने तिचे दोन्ही खांदे धरले. वसाहतीच्या सगळ्या बाल्कन्या बघत असताना त्याने तिला असा हात कधी लावला नव्हता, लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघांच्या मध्ये हातभर जागा होती. आवाज मेला की सांग, असं म्हणून तो तिला सावकाश वळवू लागला. ती डोळे मिटून वळत राहिली, छोटी छोटी पावलं टाकत. आहे, आहे, कमी होतोय, असं ती सांगत होती आणि मग म्हणाली, "गेला." तेत्सुजीने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि त्या रेषेतलं झुडूप मनात पक्कं केलं. मग तिला दहा-बारा पावलं बाजूला नेऊन पुन्हा वळवलं. पुन्हा ती गेला म्हणाली. दोन रेषा जिथे मिळत होत्या तिथे साझांकाचं एक जुनं खोड होतं आणि त्याच्या मुळाशी माती जरा भुसभुशीत दिसत होती. तो गुडघ्यांवर बसला. हातांनीच उकरलं. माती गार होती आणि पाकळ्या बोटांना चिकटत होत्या. कोपराखालचा निम्मा हात आत गेला तेव्हा बोटांना आधी तार लागली, मग डबी, मग तो ओळखीचा कठीण, घुमटीसारखा जीव. मोनाका बाहेर आली ती मातीने माखलेली, मान आत ओढलेली. त्याने ती मफलरात गुंडाळली आणि पोटाशी धरली. थोड्या वेळाने आत काहीतरी हललं. फुमिए एव्हाना रडत होती आणि रेडिओ मात्र तसाच छातीशी घट्ट धरून उभी होती.

ओगुराबाई दुसऱ्या मजल्यावरून वाकून बघत होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. तेत्सुजीने ऐकू आल्याचं सोंग केलं नाही. त्याने फुमिएकडे पाहिलं, आणि फुमिएने सांगितलं की, कोणी शोधलं असं त्या विचारताहेत. तेव्हा तो सबंध इमारतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "यंत्र मी केलंय. शोधलंय आमच्या हिने." मग बाईंनी आणखी काही चिमटा काढला असणार, कारण वरच्या बाल्कन्यांत हशा पिकला आणि फुमिए ओल्या डोळ्यांनी हसली. काय म्हणाल्या ते त्याने विचारलं नाही. पाऊस आता चांगलाच लागला होता आणि त्याला घाई मोनाकाला कोरडं करण्याची होती.

रविवारी साएकोचा फोन आला. या वेळी तो आधी त्याने घेतला. मोनाका दोन दिवस उबेत ठेवून तपासली, छाती साफ आहे, आता ओट्याखाली पानांत झोपली आहे, हे सांगितलं. मग सगळी हकीगत सांगितली, मोजपट्टीपासून खोडापर्यंत, काही न गाळता. कोंगोच्या डोंगरातल्या त्या टकलू गृहस्थाला परवान्यावरची अक्षरं सांगितली होती त्याच आवाजात तो म्हणाला, "यंत्र अव्वल झालंय. फक्त मला ते ऐकू येत नाही. कान गेलेत माझे, साएको." पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. निदान त्याला तरी नव्हतं. मग तिचा आवाज आला, त्यातले तुकडे त्याने जोडून घेतले. मग सूर खाली आणा ना बाबा, तुम्हालाही ऐकू येईल असा करा, असं काहीसं ती म्हणत होती.

"नाही आणणार," तो म्हणाला. "खालचा सूर मातीतून वर आला असता, पण महामार्गाच्या घरघरीत विरला असता. सूर बरोबर आहे. ऐकायला तुझी आई आहे." फुमिएने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं. फोनमध्ये साएको आणखी काही बोलत होती, कदाचित रडतही होती. तेत्सुजीने फोन दुसऱ्या कानाला लावला, मग परत पहिल्या.

"मोठ्याने बोल," तो म्हणाला.